नर्मदेचं पाणी, इंदूरचा हौद: हक्क, हिशेब आणि गळती शोधण्याची रीत

इंदूरच्या नळाला येणारं बहुतेक पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेतून उचललं जातं. तिथून सुमारे ७० किलोमीटर नळवाट आणि पाचशे मीटरहून जास्त चढण पार करून ते आपल्या हौदात पडतं. हजार लिटर पाणी ५०० मीटर वर न्यायला नुसत्या हिशेबाने १.३६ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली की हा आकडा २ युनिटांच्या जवळ जातो, नळातल्या घर्षणाचा खर्च वेगळाच. दिवसाला २०० लिटर झिरपणारा एक फ्लश महिन्याला ६,००० लिटर पाणी गटारात सोडतो, म्हणजे घाट चढवून आणलेली १२ युनिटं. लोकमान्य नगरातल्या बंगल्यात हे घडो की सुदामा नगरातल्या दोन मजली घरात, हिशेब तोच. म्हणून इथे बचतीची सुरुवात तोटीपासून करू नये, गळतीपासून करावी. ती शोधायची कशी आणि बंद करायची कशी, हाच पुढचा मुख्य विषय आहे. त्याआधी हे पाणी आपल्या वाट्याला कुठल्या हक्काने येतं, ते थोडक्यात.

हक्क कागदावर किती

नर्मदा जलविवाद लवाद १९६९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात आला. चारपैकी तीन वर्षं तरी हमखास मिळेल असं पाणी लवादाने २८ दशलक्ष एकर-फूट धरलं. त्यातून मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५ असं वाटप झालं. पाऊस कमी झाला की तूट एकाच राज्याच्या माथी येत नाही. ७३ : ३६ : २ : १ या प्रमाणात सगळ्यांचाच वाटा कमी होतो. वाटपाचा फेरविचार ४५ वर्षांनंतर करता येईल अशी तरतूद आहे, आणि ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये भरली. या निवाड्याच्या अंमलावर देखरेख ठेवणारं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आपल्याच शहरात, विजय नगरात आहे.

आता इंदूरचा वाटा पाहा. नर्मदेच्या पाणीयोजनेचा पहिला टप्पा १९७८ मध्ये सुरू झाला. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता प्रत्येकी ९० एमएलडी, तिसऱ्याची ३६०. एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर. तिन्ही टप्पे पूर्ण क्षमतेने वर्षभर चालले तरी १९.७ कोटी घनमीटर पाणी होतं, आणि मध्य प्रदेशाचा १८.२५ दशलक्ष एकर-फुटांचा वाटा म्हणजे २,२५१ कोटी घनमीटर. म्हणजे शहर राज्याच्या हक्कातला एक टक्काही पूर्ण घेत नाही. हक्क भरपूर आहे, पण पाणी दारात आणणारी वीज, पंप आणि नळ भरपूर नाहीत. महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते जलूदजवळच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी, यावरून खरा खर्च कुठे आहे ते कळतं.

आणखी एक गोष्ट विसरू नये. इंदूर नर्मदेच्या खोऱ्यात बसत नाही. इथलं सांडपाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ आणि यमुनेला जातं. नर्मदेतून उचललेला थेंब तिच्याकडे परत जात नाही, तो गंगेच्या खोऱ्यात जातो. खालच्या गावांच्या दृष्टीने आपण घेतलेलं पाणी कायमचं गेलेलं असतं. यशवंत सागर, बिलावली, सिरपूर हे आपल्या अंगणातले साठे म्हणूनच जपायला हवेत. यशवंत सागर आणि सिरपूर हे दोन्ही २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत.

रात्रीची परीक्षा

आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतात आणि बहुतेक घरगुती जोडण्यांना मीटर नाही. त्यामुळे बिलावरून गळती कळायची सोय नाही. हौदच मीटर म्हणून वापरावा लागतो, आणि थोडी काळजी घेतली तर तो उत्तम मीटर आहे.

आधी हौदाची आतली लांबी-रुंदी मोजा. २ मीटर बाय दीड मीटर हौदाचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ३० लिटर गेले. वरच्या हजार लिटरच्या गोल टाकीचा आतला व्यास १.१ मीटर असेल तर एका सेंटीमीटरला साडेनऊ लिटर. हे दोन आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, पुढे दर वेळी कामाला येतात.

ज्या रात्री नळ येणार नाहीत ती रात्र निवडा. संध्याकाळी वरची टाकी भरून घ्या, मोटरचं बटण मेन स्विचवरून बंद करा, हौदात येणाऱ्या नळाचा कॉक पूर्ण बंद करा. घरचे झोपले की साधारण ११ वाजता दोन्हीकडे पातळी मोजा. पट्टी पाण्यात बुडवून ओल बघण्यापेक्षा झाकणाच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणं जास्त अचूक येतं. सकाळी ५ वाजता कोणी तोटी उघडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री कोणी फ्लश वापरला असेल तर तेवढे लिटर वजा करा. साधी टाकी असेल तर दर वेळी ६ ते १० लिटर धरावेत.

चार शक्यता निघतात. दोन्ही पातळ्या जागच्या जागी असतील तर घर चांगलं आहे, थेट तोट्यांच्या भागाकडे वळा. हौद उतरला आणि टाकी तशीच राहिली तर गळती हौदाच्या भिंतीत, तळात किंवा भिंतीतून जाणाऱ्या नळाच्या जागी आहे. झाकलेल्या हौदात एका रात्रीत बाष्पीभवनाने मोजण्याइतकं पाणी जात नाही, तेव्हा ते कारण मनातून काढून टाका. टाकी उतरली आणि हौद तसाच राहिला तर दोष घराच्या आतल्या नळांत आहे. दोन्ही उतरले तर दोन वेगळ्या गळत्या आहेत, आणि त्या एक-एक करून शोधाव्या लागतात. समजा हौद सहा तासांत दीड सेंटीमीटर उतरला. ४५ लिटर गेले, म्हणजे दिवसाला १८० लिटर.

फुटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या शोषनळीच्या तळाची झडप, गळतो म्हणून हौद उतरतो असं प्लंबर कधी कधी सांगतात. तसं होत नाही. फुटव्हॉल्व्हमधून परतणारं पाणी हौदातच पडतं. त्याची खूण वेगळी असते. मोटर हवा पकडते आणि दर वेळी तिच्यात पाणी भरावं लागतं. ती दुरुस्ती हवीच, पण ती गळती नव्हे.

टाकी उतरत असेल तर पुढची पायरी अशी: दुसऱ्या रात्री टाकीतून खाली येणारा मुख्य कॉक बंद ठेवा. तरी पातळी उतरली तर टाकीला चीर आहे किंवा तळाचा धुण्याचा कॉक झिरपतोय. उतरली नाही तर दोष खाली. मग एकेका न्हाणीघराचा कॉक एकेक रात्र बंद ठेवत जा. वैताग येतो, पण फरशी फोडण्याआधी हे केलं तर एकच भिंत फोडावी लागते. फ्लशसाठी रात्रीचीही गरज नाही. त्याच्या टाकीत नीळ टाका, अर्धा तास कोणी वापरू नका. कमोडच्या भांड्यात निळी रेघ दिसली तर तळाचं रबर गेलंय. रंग न दिसता टाकीतलं पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडाशी पोचलेलं दिसलं तर वरचा फ्लोट नीट बंद होत नाही. गिझरच्या सुरक्षा झडपेखाली ओल दिसली तर तीही बघा, ती बऱ्याचदा नजरेतून सुटते.

हौदाची चीर

हौदाची गळती कुठे आहे हे शोधायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला स्वतःहून उतरू देणं. दोन-तीन दिवस पाणी वरच्या टाकीतून वापरा आणि हौदाला हात लावू नका. पातळी उतरत उतरत एका रेषेवर थांबते. चीर त्याच रेषेवर असते. पाणी तळापर्यंत गेलं तर दोष तळात किंवा भिंत आणि तळ जुळतात त्या कोपऱ्यात, आणि जुन्या विटांच्या हौदांत तो बहुतेक तिथेच निघतो.

ही चीर वरून सिमेंटचा हात फिरवून बंद होत नाही. छिन्नीने २० ते २५ मिलिमीटर खोल आणि तेवढीच रुंद खाच काढा, पोकळ वाजणारा जुना गिलावा पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने घासून धुवा. खाच ओली असावी, पण तिच्यात पाणी साचलेलं नसावं. त्यात एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वॉटरप्रूफिंगचं द्रावण घातलेला माल दाबून भरा. कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, मिस्त्री ज्याला गोला म्हणतो तशी ५ सेंटीमीटरची गोलाई द्या. काटकोनात माल पातळ राहतो आणि पहिल्यांदा तिथेच फुटतो. सात दिवस ओलं ठेवा. दुरुस्ती झाल्या झाल्या दुसऱ्या दिवशी हौद भरणं हे अपयशाचं सर्वांत मोठं कारण आहे.

हौदात उतरण्याआधी झाकण काही तास उघडं ठेवा, एकट्याने उतरू नका, बाहेर एक माणूस कायम असू द्या. कोंदलेल्या हौदात श्वास कोंडून माणसं दगावतात आणि वाचवायला उतरलेलाही अडकतो. ब्लीचिंग पावडर आत नेऊन कालवू नका. बाहेर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच वापरा. भिंती त्याने घासून धुतल्यावर हौद भरताना हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते, आणि तासभर ते पाणी वापरू नये.

ही चीर बुजवण्यामागे आरोग्याचंही कारण आहे. जमिनीखालचा हौद भरलेला असताना पाणी बाहेर जातं, रिकामा असताना त्याच चिरेतून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारून नाली जात असेल तर काय आत येतं ते सांगायला नको.

बॉलकॉक

हौदाच्या तोंडाशी बॉलकॉक नसलेली घरं इंदूरमध्ये अजून बरीच आहेत. नळ आले की हौद भरतो, उरलेलं पाणी गल्लीत वाहतं. अर्धा इंची पितळी बॉलकॉक हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. बसवताना तीन गोष्टी बघा. दांडी कोणत्याही भिंतीला न घासता पूर्ण वर-खाली झाली पाहिजे. गोळा पूर्ण वर आला असता पाणी हौदाच्या ओव्हरफ्लो छिद्राच्या किमान ५ सेंटीमीटर खाली थांबलं पाहिजे. आणि त्याच्या आधी एक कॉक हवा, म्हणजे वॉशर बदलताना गल्लीतली लाइन बंद करावी लागणार नाही.

तो दोन कारणांनी निकामी होतो. प्लॅस्टिकच्या गोळ्यात हळूहळू पाणी शिरतं, तो जड होऊन बुडतो आणि कॉक उघडाच राहतो. गोळा काढून कानाशी हलवला की आत पाणी खळखळतं, तो बदलायचा. दुसरं कारण वॉशर. त्यावर क्षार चढतो, रबर कडक होतं आणि बारीक धार चालू राहते. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, वॉशर बदलून टाकावा.

वरच्या टाकीला मात्र मोटरच्या नळावर बॉलकॉक लावू नका. टाकी भरली की तो बंद होतो आणि मोटर बंद नळावर दाब टाकत चालू राहते. सांधे फुटतात, मोटर तापते. तिथे पातळीवर मोटर बंद करणारा फ्लोट स्विच किंवा सेन्सरचा कंट्रोलर लावा, आणि तोच हौद रिकामा झाल्यावरही मोटर बंद करेल असा घ्या.

नाली आणि पहिलं पाणी

एक दिवसाआड पुरवठ्यात मुख्य नळ बराच वेळ रिकामा असतो. रिकाम्या नळात दाब नसतो आणि कुठे छिद्र असेल तर भोवतालची घाण आत झिरपते. नळ आले की पहिल्या लोंढ्याबरोबर ती घरात पोचते. म्हणून घरापर्यंतची जोडणी तपासणं गळतीइतकंच महत्त्वाचं आहे.

फेरूलपासून, म्हणजे मुख्य नळावर आपली जोडणी निघते तिथल्या तोटीपासून, दारापर्यंतचा तुकडा नालीतून किंवा नालीच्या कडेने जातो का ते बघा. जुन्या गल्ल्यांत लोखंडी नळ नालीतच पडलेला असतो आणि खालच्या बाजूने गंजतो, वरून धडधाकट दिसतो. तो बदलायचा असेल तर काळा एचडीपीई नळ घ्या, फेरूल ते घर असा एकसंध, मधे सांधा न देता, नालीच्या वरून, आणि ओलांडताना मोठ्या नळाच्या बाहीतून. फेरूलचं काम महापालिकेच्या परवानगीनेच करायचं असतं.

नळाला थेट मोटर लावू नका. मोटर आपल्या बाजूने ओढते तेव्हा गल्लीतल्या नळात उलटा शोषदाब तयार होतो आणि एरवी बाहेर गळणाऱ्या प्रत्येक छिद्रातून बाहेरची घाण आत खेचली जाते. शेजाऱ्याचं पाणी तर जातंच, पण ज्याने मोटर लावली त्याच्याच घरात ती घाण सर्वांत आधी पोचते.

नळ आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पाणी हौदात न सोडता बादल्यांत घ्या. फरशी पुसायला, अंगण धुवायला ते चालतं. मग वास, रंग बघा. तोटीशी उरलेलं क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं भारतीय मानक सांगतं. ते तपासायचा छोटा संच दुकानात मिळतो, कॉलनीला मिळून एक पुरतो. क्लोरिन शून्य आणि पाण्याला गटाराचा वास असेल तर ते हौदात घेऊच नका, पिण्याचं पाणी उकळा आणि लगेच तक्रार करा.

तोट्या आणि आर.ओ.

एक लिटरचा मग आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. मग पाच सेकंदांत भरला तर तोटीतून मिनिटाला १२ लिटर जातात. हात धुवायच्या तोटीला ३ ते ४, भांड्यांच्या तोटीला ५ ते ६, शॉवरला ८ पुरतात. तोटीच्या तोंडाला जाळीचा एरेटर लावला की हे जमतं. पण वरच्या मजल्यावर, जिथे टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर आहे, दाब चौरस सेंटीमीटरला ०.३ किलोच मिळतो. तिथे प्रवाह कमी करणारी चकती लावली तर पाणी ठिबकायलाच लागतं आणि माणूस ती काढून फेकतो. तळमजल्यावर एरेटर लावा, वरच्या मजल्यावर कॉक अर्धा फिरवून ठेवा.

आर.ओ. यंत्र घेण्याआधी टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. नर्मदेच्या पाण्याचा आकडा सहसा मानकाच्या ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत असतो, तिथे आर.ओ.ची गरज नाही, यूव्हीचं यंत्र पुरतं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली आर.ओ.वर बंदी घालायला सांगितलं होतं. घरगुती आर.ओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतं. बोरिंगच्या जड पाण्यासाठी ते लागत असेल तर फेकलेल्या पाण्याची नळी मोरीत सोडू नका, बादलीत सोडा.

बोरिंगचं पुनर्भरण

इंदूरखाली माळव्याचा काळा बेसॉल्ट आहे. या खडकात वाळूसारखी पोकळी नसते, पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरुमाच्या थरात. म्हणून शेजारच्या बोरिंगला पाणी असून आपल्याला नसणं इथे नवल नाही. खडकाच्या वर काळी माती असते. ती ओली झाली की फुगून पाणी अडवते. शोषखड्डे अपयशी ठरतात ते बहुधा याच मातीमुळे, कारण खड्डा मातीतच थांबलेला असतो. तो माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल गेला पाहिजे. पहिल्या चांगल्या पावसानंतर खड्ड्यातलं पाणी ४८ तासांत उतरलं नाही तर तो खड्डा काम करत नाही असं समजा.

इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर. १०० चौरस मीटर छतावर ९५० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के नुकसान धरलं तर ७६,००० लिटर हाती लागतात. चार माणसांचं घर रोज माणशी १३५ लिटर वापरत असेल तर हे सुमारे १४० दिवसांचं पाणी झालं. २६ ऑगस्ट २००६ च्या राज्याच्या अधिसूचनेने १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर छताचं पाणी मुरवणं सक्तीचं केलं. मालमत्ता करातली ६ टक्के सूटही तिच्यात आहे. ती आज कशी मिळते हे झोन कार्यालयात विचारून घ्या.

बाजारात मिळणारा दोनशे लिटरचा ड्रम-फिल्टर या कामाला पुरत नाही. ताशी ५० मिलिमीटर सरीत त्याच १०० चौरस मीटर छतावरून, २० टक्के नुकसान धरून, तासाला ४,००० लिटर उतरतात. ड्रमचा व्यास ५८ सेंटीमीटर, म्हणजे पाव चौरस मीटरच्या आसपास वाळू. त्या वाळूतून तासाला पंधरा मीटर उंचीचा स्तंभ जावा लागेल, तो जात नाही, पाणी वरून सांडतं आणि मालक समजतो की बोरिंगने पाणी घेतलं. त्याऐवजी आतून दीड मीटर बाय एक मीटरचा विटांचा कुंड बांधा. तळात ३० सेंटीमीटर मोठे दगड, त्यावर ३० सेंटीमीटर ५ ते १० मिलिमीटरची गिट्टी, त्यावर नायलॉनची जाळी, मग ३० सेंटीमीटर जाड वाळू, दीड-दोन मिलिमीटर कणांची. वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा आणि एक ओव्हरफ्लो. जाळी विसरली तर वाळू एका हंगामात गिट्टीत उतरते.

छतावरून खाली येणारा ११० मिलिमीटरचा नळ ताशी ७५ मिलिमीटर पावसात ५७ चौरस मीटर छत सांभाळतो. १०० चौरस मीटरला दोन लागतात. कुंडाच्या आधी नळाला टी आणि दोन कॉक लावा, एक बाहेर सोडणारा, एक कुंडाकडे. हंगामातल्या पहिल्या दोन सरी बाहेर सोडा. नंतरही प्रत्येक मोठ्या खंडानंतरचे पहिले १ ते २ मिलिमीटर, म्हणजे १०० चौरस मीटरला १०० ते २०० लिटर, कुंडात जाऊ देऊ नका. धूळ, पानं आणि कबुतरांची घाण त्यातच असते.

कुंडाच्या तळातून निघणारा नळ उताराने बोरिंगच्या केसिंगपर्यंत, म्हणजे त्याच्या वरच्या बाहेरच्या नळापर्यंत, न्या आणि टोपीच्या खाली जोडा. टोपीवर एक बारीक हवानळी ठेवा, तिचं तोंड जाळीने बांधा. हवानळी नसली की आतली हवा अडकते, गुडगुड आवाज येतो आणि पाणी कुंडात परत चढतं. हा दोष सगळ्यांना बोरिंगचा वाटतो, असतो हवेचा. फक्त छताचं पाणी आत जाऊ द्या. अंगणाचं, गाडी धुतल्याचं, रस्त्याचं पाणी कधीही नाही, कारण बोरिंगमध्ये गेलेली घाण मातीतून गाळली जात नाही, ती थेट शेजाऱ्यांच्याही पाण्यात जाते. सेप्टिक टँक १५ मीटरच्या आत असेल तर त्या बोरिंगमध्ये पुनर्भरण करू नका. मे संपेपर्यंत सगळं तयार हवं. दर वर्षी वाळूचा वरचा ५ सेंटीमीटरचा थर काढून धुवा किंवा बदला.

आवारात जुनी विहीर किंवा बावडी असेल तर तीच सर्वांत चांगली पुनर्भरणाची जागा. तिच्या भिंतीत मुरुमाचा थर उघडा असतो. मात्र तिच्यावर स्लॅब टाकून वापराची जागा करू नका. ३० मार्च २०२३ ला पटेल नगरातल्या मंदिरात बावडीवरची फरशी खचून ३६ जणांचा जीव गेला. लोखंडी जाळी लावा, कठडा बांधा, आणि वर्षातून एकदा गाळ काढा.

इमारतींसाठी मीटर

फ्लॅटच्या इमारतीत रात्रीची परीक्षा जमत नाही, कोणी ना कोणी पाणी वापरतच असतं. तिथे हौदाच्या तोंडाशी एक, बोरिंगवर एक आणि वरच्या प्रत्येक टाकीच्या बाहेर एक मीटर लावा. टँकर येत असेल तर त्याचे लिटर वेगळे लिहा. दर रविवारी एकाच वेळी सगळे आकडे टिपा. हौदात आलेलं आणि टाक्यांतून गेलेलं यांच्यात, हौदातल्या साठ्याचा फरक धरूनही, पाच टक्क्यांहून जास्त तफावत दोन आठवडे दिसली तर गळती शोधायला लागा. नर्मदेच्या लाइनवरचा मीटर सुरुवातीला हवेनेच जोरात फिरतो. तो नळाच्या पातळीपेक्षा खाली, इंग्रजी यू अक्षरासारख्या वळणात बसवला की त्यात कायम पाणी राहतं आणि आकडा खरा येतो. त्याच्या आधी गाळणी आणि व्यासाच्या दहा पट सरळ नळ हवा. बाग आणि बांधकामासाठी नर्मदेचं पाणी वापरूच नये. कबीटखेडीसारख्या केंद्रांवर शुद्ध केलेलं सांडपाणी त्यासाठीच आहे, झोन कार्यालयात त्याची मागणी नोंदवा.

गल्लीतली गळती

१० मीटर दाबाखालच्या नळातल्या ३ मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे २१० लिटर जातात, ६ मिलिमीटरच्या छिद्रातून चौपट. रस्त्यावर पाणी दिसलं की आधी ते कशाचं आहे ते ठरवा. फक्त नळ येण्याच्या वेळेत वाहत असेल तर वाटपाची लाइन, दिवसरात्र वाहत असेल आणि वास नसेल तर महापालिकेच्या टाकीकडे जाणारी मोठी लाइन, वास असेल तर ड्रेनेज. तक्रार महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर करा आणि नुसतं ‘पाणी वाहतंय’ असं लिहू नका. घर क्रमांक आणि जवळची खूण, वाहण्याची वेळ, फेरूलपासून अंदाजे अंतर, रस्ता खचलाय का, आणि गल्लीतल्या किती घरांचं पाणी गढूळ येतंय ते लिहा. दोन फोटो जोडा, एक नळ चालू असतानाचा आणि एक बंद असतानाचा. दुरुस्तीला आलेल्या माणसाला नेमकं कुठे खोदायचं ते यातून कळतं. खड्डा बुजवण्याआधी नळ एकदा चालू करून जोड कोरडा राहतो का, हे समोर उभं राहून बघा. एकदा माती पडली की तोच सांधा पुन्हा गळू लागेपर्यंत तिथे कोणी खोदत नाही.